मुरलेली जाळी

भोरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे एक अरुंद खोली आहे. पूर्वी तिथे मोडकी बाकं आणि गॅदरिंगचे पडदे पडलेले असत. आता तिथे एक टेबल आहे, टेबलावर लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी आहे आणि बरणीत कॉस्टिक पोटॅशचं पाणी आहे. त्या पाण्यात एका बाजूला स्टीलच्या जाळीचा बोटभर तुकडा लटकतो, दुसऱ्या बाजूला काळी कार्बनची काडी. वीज सोडली की जाळीवरून बारीक बुडबुडे उठतात. ते हायड्रोजनचे. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका माया रणपिसे गेली कित्येक वर्षं हे बुडबुडे बघत आल्या आहेत.

पाण्यात वीज सोडली की पाणी फुटतं, हे आठवीतली पोरंही सांगतात. अडचण तिथे नाही. नुसत्या स्टीलवर पाणी फोडायला वीज फार लागते. टोकाला प्लॅटिनम असेल तर तेच काम अगदी थोडक्यात होतं, पण प्लॅटिनमचे कारखाने काढायचे तर हायड्रोजन सोन्याहून महाग पडेल. म्हणून साध्या धातूंचा असा लेप हवा, जो स्वतः खर्ची न पडता पाण्याला सहज फुटू देईल. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. मायाबाई निकेल आणि मॉलिब्डेनमचा लेप वापरतात. जाळी भोरच्या बाजारातली, पिठाच्या चाळणीला लावतात ती. लेप किती चांगला हे एका आकड्यावरून कळतं: पाणी फोडायला विजेचा दाब नियमापेक्षा किती मिलिव्होल्ट जास्त द्यावा लागतो. प्लॅटिनमला जवळजवळ काहीच जास्त लागत नाही. मायाच्या जाळीला एकशे साठ लागत. आकडा जितका लहान, तितकं काम मोठं.

माया विंझरची. वेल्ह्याच्या रस्त्यावर, एसटीच्या थांब्यापासून आत गेलं की बौद्धवाडी, तिथलं शेवटून दुसरं घर. वडील सोनबा ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होते. सकाळ-संध्याकाळ टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायचा, टाकीत पावडर टाकायची, मोटार बिघडली की नसरापूरहून माणूस आणायचा. निवृत्त होऊनही ते जातातच, कारण नवा माणूस वेळेवर येत नाही. माया एम.एस्सी.ला असताना आई गेली. भाऊ पिंपरीला कंपनीत आहे, त्याचं त्याला पुरतं. मायाचं लग्न ठरायचं होतं तेव्हा ती नेट-सेटच्या परीक्षा देत होती, आणि परीक्षा झाल्या तेव्हा स्थळं यायची थांबली होती. याबद्दल तिला विचारलं तर ती "राहून गेलं" एवढंच म्हणते आणि विषय बदलते.

नोकरी लागल्यावर भोरात खोली शोधताना पहिल्या दोन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर खोली कालच दिल्याचं कळलं. तिसऱ्या ठिकाणी मिळाली. माडीवरची, खिडकीतून नदीकडचा उतार दिसणारी. त्या खोलीत ती अजून राहते. स्टाफरूममध्ये पगाराच्या फरकाची आणि बदल्यांची चर्चा असते, तिथे ती डबा खाते आणि उठते. कोणी वाईट वागत नाही. "काय मॅडम, पाण्यावर गाडी कधी?" एवढा एक प्रश्न सगळे विचारतात, आणि उत्तराची वाट कोणी बघत नाही.

बरणीजवळ येणारा एकच माणूस, प्रयोगशाळेचा शिपाई कुंडलिक. तो उत्रोलीचा. घरी भातशेती, अंगात मिस्किलपणा. कार्बनच्या काड्या तोच पुरवी. वापरलेले बॅटरीचे सेल दगडाने फोडून आतली काळी काडी काढायची, धुऊन द्यायची. गुरुवारी वीज नसते म्हणून त्याने ट्रॅक्टरची जुनी बॅटरीही आणून दिली होती.

"आज काय म्हनतीया बरणी?" तो झाडू मारता मारता विचारी.

"एकशे साठ."

"काल बी त्येच म्हनत हुती. लई हट्टी दिसतीया."

विज्ञान दिनाला एक वर्षी पाहुणे म्हणून डॉ. सौमित्र गुप्ते आले. मूळचे भोरचेच, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, निकेलच्या मिश्रधातूंवर आयुष्य घातलेले. भाषण झालं, श्रीफळ झालं, आणि प्राचार्यांबरोबर चहाला जाता जाता ते मागच्या खोलीच्या उघड्या दारात थांबले. बरणी पाहिली. आत आले, स्टूल ओढून बसले. चहा तिथेच मागवला. जाळी कुठली, लेप किती वेळ दिला, पाणी डिस्टिल्ड की नळाचं, असे प्रश्न त्यांनी विचारले. असे प्रश्न मायाला आजवर कोणीच विचारले नव्हते. पुण्याची गाडी खाली हॉर्न वाजवत राहिली.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. नंतर तो दर रविवारी येऊ लागला. गुप्तेसर एकटे होते. पत्नी वारलेली, मुलगी परदेशात. पण ते कधी घरचं बोलले नाहीत आणि मायानेही कधी विचारलं नाही. बोलणं आकड्यांचं. एकशे साठ, एकशे पंचावन्न, पुन्हा एकशे साठ. आठवडाभर माया रविवारसाठी प्रश्न साठवून ठेवी. शनिवारी विंझरला गेली तर रविवारी उजाडताच परतीची गाडी धरी, कारण वाडीत रेंज धड नसते. सोनबा म्हणत, "आगं, ऱ्हा की दुपारपत्तूर. म्या मटन आनलंय." ती म्हणे, "फोन यायचाय, आबा." आबांना वाटे, सरकारी असेल.

दोन वर्षांमागे सर स्वतः भोरला आले आणि त्यांनी खिशातून दागिन्याची डबी काढली. आत प्लॅटिनमची तार होती. बोटभर लांब, वेटोळी, वरचं टोक काचेच्या नळीत बसवलेलं. त्यांना ती त्यांच्या गुरूंनी दिली होती.

"सेलमधल्या काडीनं कसलं मोजमाप करतेस? बटाट्याच्या काट्यावर सोनं तोलू नये गं. समोरचं टोक हे लाव."

"सर, ही मी कशी घेऊ?"

"घेऊ नकोस. वापर. माझ्या कपाटात ती नुसतीच म्हातारी होतेय, माझ्यासारखी."

हे नीट समजून घ्यायला हवं. बरणीत दोन टोकं असतात. जाळीचं टोक परीक्षेला बसलेलं. समोरचं टोक फक्त विजेचा रस्ता पुरा करायला. ते कार्बनचं असो की प्लॅटिनमचं, जाळीच्या गुणांवर त्याचा परिणाम होऊ नये, असंच सगळे शिकलेले. सरांच्या पिढीने तिथे प्लॅटिनमच लावलं, कारण ते गंजत नाही, झिजत नाही, असं मानत. पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळांत दोन टोकांच्या मध्ये पातळ पडदा लावून दोन कप्पे करतात. तो पडदा महाग येतो. भोरच्या बरणीत एकच कप्पा होता.

तार लावली आणि आठवड्याभरात जाळीचा आकडा उतरू लागला. एकशे साठचा एकशे तीस झाला. मग शंभरच्या खाली आला. जाळी जितकी जास्त वापरावी तितकी सुधारत होती. महिनाभर रोज चालवलेली जाळी पंचेचाळीसवर येऊन थांबली. प्लॅटिनमच्या शेजारचं घर.

रविवारी फोनवर ऐकून सरांनी आकडा पुन्हा सांगायला लावला. मग हसले. "मुरतंय गं, मुरतंय! कैरी फोडली त्या दिवशी लोणचं खातं का कोणी? माझ्या निकेललाही असंच व्हायचं. मी ऐंशीच्या दशकात लिहून ठेवलंय, की हे धातू मुरतात. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. आता घेतील."

पेपर दोघांच्या नावाने लिहिला. वापराने पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पाणी फुटायला जागा वाढते, असं कारण त्यात मांडलं. पेपर स्वीकारला गेला. जानेवारीत पुण्याच्या परिषदेत मायाला बोलायचं निमंत्रण आलं. सरांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेक फोन करून पहिल्या रांगेत बसायला बोलावलं.

भोरच्या पेपरात चौकट आली. विंझरला पोरांनी वर्गणी काढून थांब्याजवळ फ्लेक्स लावला. मायाचा नोकरीच्या अर्जावरचा फोटो मोठा केलेला, खाली ठळक अक्षरं: 'पाण्यापासून इंधन बनविणारी विंझरची कन्या'. तिच्या फोटोभोवती वर्गणी देणाऱ्या सतरा पोरांचे गॉगल लावलेले फोटो. सोनबा टाकीकडे जाताना रोज तिथे थांबून पाहत.

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर तारेचा काचेतला सांधा सुटला. काचकाम करणारा माणूस पुण्यात. तार दुरुस्तीला गेली. सुट्टी वाया जाऊ नये म्हणून मायाने कुंडलिककडून पुन्हा कार्बनची काडी घेतली. परिषदेत दाखवायला एक नवी जाळी हवी होती. तिने लेप दिला, बरणीत लावली, वीज सोडली. एकशे साठ. मुरेल म्हणून चालू ठेवली. दिवस गेले, जाळी एकशे साठवर बसून राहिली.

"मीठ कमी पडलं आसंल," कुंडलिक म्हणाला.

मायाने लेपाचं पाणी बदललं. कॉस्टिक पोटॅशची नवी बाटली फोडली. जाळीचा नवा तुकडा आणला. एकशे साठ, एकशे बासष्ट. तिला वाटलं, कार्बनचाच काही दोष असेल. म्हणून तिने जुनी, मुरलेली जाळी त्याच काडीसमोर लावली. ती पंचेचाळीसवरच होती. काडी निर्दोष ठरली. म्हणजे जुन्या जाळीत काही होतं, जे नव्या जाळीत येत नव्हतं.

तार दुरुस्त होऊन आली. नवी जाळी तारेसमोर लावताच मुरायला लागली.

माया खुर्चीत बसून राहिली. कुंडलिक खिडक्या लावून गेला, तेव्हाही ती तिथेच होती. करायचा प्रयोग तिला समजला होता आणि करायचा नव्हता. कोऱ्या जाळीचा प्रयोग. लेप न दिलेली, बाजारातून आणलेली तशी जाळी बरणीत लावून पाहायची. लेपाने काय साधतं हे कळायला हा प्रयोग सगळे आधी करतात. तिनेही केला होता, पण कार्बनसमोर, फार पूर्वी. तार आल्यावर तो पुन्हा करायला हवा होता. तिने केला नाही. सरांच्या गुरूंची तार, डबीतून आलेली. तिच्यासमोर पिठाच्या चाळणीची कोरी जाळी लावणं तिला उधळपट्टी वाटलं होतं. खरं सांगायचं तर बेअदबी.

तिने कोरी जाळी कापली, धुतली, लावली.

पहिल्या दिवशी कोऱ्या स्टीलला शोभेल असाच वाईट आकडा आला. दुसऱ्या दिवशी थोडा उतरला. आठवडा संपायच्या आत, जिला तिने काहीही केलं नव्हतं ती जाळी तिच्या लेपाच्या मूळ आकड्याच्याही पुढे निघून गेली.

"बरं झालं की, मॅडम," कुंडलिक म्हणाला. "लेपाचा खर्च वाचला."

"लेपाचं काही नाहीच, कुंडलिक. तार झिजते. डोळ्यांना दिसणार नाही इतकी. ते पाण्यात उतरतं आणि समोर जाळीवर जाऊन बसतं. आपण मोजत होतो ते प्लॅटिनमच."

कुंडलिकने झाडू भिंतीला टेकवला. "म्हंजी किराणावाल्याकडं चहापत्ती साबनाशेजारी ठिवली की चहाला साबनाचा वास येतो, तसं?"

"तसंच."

"आन् आपन म्हनायचो चहाच वासाचा हाय." तो थोडा वेळ बरणीकडे बघत राहिला. "कार्बनची काडी झिजली की पानी काळं तरी हुतं. तुमी मला वरडायच्या. हिनं कदी पानी बी काळं केलं न्हाई."

मायाने जुनी, नवी आणि कोरी अशा तिन्ही जाळ्यांचे तुकडे पुण्याला स्नेहलकडे पाठवले. एम.एस्सी.ची मैत्रीण, एका संस्थेत तपासणी यंत्रावर कामाला. चौथ्या दिवशी मोबाईलवर एका ओळीचा निरोप आला: तिन्हींवर प्लॅटिनम आहे. खाली हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह. स्नेहलला वाटलं, प्लॅटिनम सापडलं ही आनंदाची गोष्ट असणार.

त्या रविवारी सरांचा फोन आला तेव्हा माया परिषदेबद्दल बोलली, आकड्यांबद्दल नाही. सर म्हणाले, "घसा बसलाय का तुझा?" ती हो म्हणाली.

न सांगण्याचीही वाट होती. जुनी जाळी घेऊन परिषदेत उभं राहिलं असतं तर तिने पंचेचाळीसच दाखवले असते. तिथे प्रश्न विचारू शकेल असा माणूस पहिल्या रांगेत बसणार होता आणि तार त्यानेच दिली होती. सांगितलं तर पेपर जाणार, निमंत्रण जाणार, स्टाफरूममध्ये चार दिवस कुजबुज होणार. एवढं मायाला सोसण्यासारखं होतं. भीती दुसरीच होती. सरांचे ऐंशीच्या दशकातले सगळे पेपर तिने वाचलेले होते. त्यांत समोरचं टोक काय वापरलं तेही लिहिलेलं होतं: प्लॅटिनम. हे बोलल्यावर रविवारचा फोन उरणार नाही, असं तिला वाटत होतं. आणि त्या फोनशिवाय तिच्या कामाबद्दल तिच्याशी बोलणारं माणूस जगात कोणी नव्हतं.

पुढच्या रविवारी फोनची वाट न पाहता तिने सकाळची स्वारगेटची एसटी धरली. डबी पर्समध्ये होती.

सरांनी दार उघडलं आणि ते गोंधळले. "अगं, मी आत्ता तुलाच फोन लावत होतो. ये, ये. घसा कसा आहे?" खुर्चीच्या पाठीवर इस्त्री केलेला कोट टांगलेला होता. "परिषदेसाठी काढलाय. बरीच वर्षं घातला नव्हता. खांद्यात जरा ढगळ होतोय. म्हणजे मी आकसलोय, कोट वाढला नाही." त्यांनी स्वतः चहा केला. चहात साखर घालायला विसरले, मग डबाच तिच्यापुढे ठेवला.

मायाने डबी टेबलावर ठेवली. "सर, मी कोरी जाळी तारेसमोर लावली."

"बरं?"

"ती मुरली."

सरांनी कप खाली ठेवला नाही आणि प्यायलेही नाहीत. "किती?"

तिने आकडे सांगितले. पहिल्या दिवसाचा, शेवटचा. स्नेहलची तपासणी सांगितली.  मग सर एकेक विचारू लागले, जसे पहिल्या दिवशी भोरला विचारले होते.

"मध्ये पडदा होता?"

"नाही. एकच बरणी."

"कार्बनसमोर नवी जाळी मुरत नाही?"

"अजिबात नाही. तीनदा केलं."

"कोरी जाळी तारेसमोर तू आधीच का लावली नाहीस? पहिल्याच महिन्यात?"

"तुमची तार होती, सर."

सर खिडकीकडे बघू लागले. खाली कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती.

"आमच्याकडेही एकच भांडं असायचं," ते म्हणाले. "पडदे मागून आले."

ते तिच्याकडे वळले.

"तुला हे इथे यायच्या आधीच कळलं होतं. माझ्या निकेलचं."

"तुमचे प्रयोग मी पुन्हा करून पाहिलेले नाहीत, सर. त्यामुळे—"

"प्राध्यापिका आहेस ना? मग वर्गात देतेस तसं उत्तर दे."

"हो. कळलं होतं."

"हं." त्यांनी डबी उघडली, तार बोटांत धरून उजेडात पाहिली. वेटोळं पूर्वी चकचकीत होतं, आता त्यावर राखी छटा होती. त्यांनी ती परत ठेवली, झाकण लावलं. "ही इथेच राहू दे. पेपर मागे घे. कारण दोन ओळींत उरकू नकोस, सगळं लिही. दोघांच्या नावानं लिही. माझं नाव काढायचं नाही."

"सर, परिषदेचं—"

"तेही कळव. चहा निवला तुझा."

ती निघाली तेव्हा ते दारापर्यंत आले नाहीत. कोट खुर्चीवर तसाच होता.

पेपर मागे घेतला गेला. संपादकांचं दोन वाक्यांचं उत्तर आलं, त्यात आभार होते. परिषदेत तिच्या वेळेला दुसरं कोणी बोललं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, एवढा बोभाटा करायची गरज होती का? हळूच पुढचा पेपर टाकायचा." स्टाफरूममध्ये कुजबुज झाली, पण चार दिवसही टिकली नाही; परीक्षेच्या ड्यूट्या लागल्या.

फ्लेक्सचं मात्र कोणाला सांगावं हे मायाला कळेना. शनिवारी विंझरला गेली तेव्हा तिने आबांना म्हटलं, "पोरांना तो काढायला सांगा. त्यावर लिहिलंय ते खरं नाही."

सोनबांनी विचार केला. "फोटू तर तुजाच हाय."

"आबा, फोटो नाही. खालचं. मी जे केलं म्हणून लिहिलंय ते झालेलं नाही. माझी चूक होती."

"पानी फुटत न्हाई?"

"फुटतं. पहिल्यासारखंच फुटतं. स्वस्तात फुटत नाही."

"मंग फुटतंय की." त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मोटारीच्या शेडवरचा पत्रा गळतोय. वळवाच्या आदी काय तरी झाकाय पायजे. त्यो फलेक्स मापात बसंल. पोरांना म्या सांगतो, फाटला म्हनून."

"फाटलेला नाही तो."

"उतरवताना फाटतोच."

पुढच्या खेपेला थांब्याजवळ रिकामी बांबूची चौकट उभी होती. टाकीजवळच्या शेडवर पाठ वर करून फ्लेक्स बांधलेला होता. अक्षरं आतल्या बाजूला, मोटारीकडे. सोनबांनी तिला मुद्दाम नेऊन दाखवलं. एकही थेंब गळत नाही, म्हणाले. ती आत वाकली तेव्हा तिचा स्वतःचा चेहरा डोक्यावर उलटा ताणलेला दिसला. त्या रविवारी दुपारपर्यंत ती थांबली. परत जायची घाई नव्हती.

रविवारी फोन येत नव्हता. पहिले काही रविवार माया मोबाईल समोर ठेवून बसली, मग तो चार्जिंगला लावून कपडे धुवायला जाऊ लागली. एकदा तिने सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला चौकशीसाठी निरोप पाठवला. तब्येत ठीक आहे, कोणाशी फारसं बोलत नाहीत, जुनी कागदपत्रं काढून बसलेले असतात, असं उत्तर आलं.

बरणीत पुन्हा कार्बनची काडी आली. माया लेपाचं प्रमाण बदलत राहिली. मॉलिब्डेनम थोडं जास्त, वीज थोडी कमी, लेप सावकाश. प्रत्येक लेपासोबत आता ती एक कोरी जाळीही लावते, आधी कोरी, मग लेपाची. काम दुपटीने वाढलं. बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. पाणी काळं होतं, बरणी धुवावी लागते. कुंडलिक सेल फोडून देतो.

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर एका जाळीने एकशे अडतीस दाखवले. मायाने ते आणखी दोन जाळ्यांवर पाहिलं, मग तीन आठवडे एक जाळी सलग चालवली. आकडा हलला नाही.

"म्हंजी आता खरंच?" कुंडलिकने विचारलं.

"बावीसनं कमी. बाहेर बऱ्याच जणांचं याहून चांगलं आहे."

"त्यांचं सोडा. आपली बरणी पयल्यांदाच हालली." तो घंटा द्यायला निघून गेला.

रविवारी सकाळी मायाने स्वतः फोन लावला. बराच वेळ वाजला. ती ठेवणार तेवढ्यात उचलला गेला.

"सर, माया बोलतेय."

पलीकडून काही आलं नाही, पण फोन ठेवलाही गेला नाही.

"एकशे अडतीस आलेत. तीन वेगवेगळ्या जाळ्यांवर."

"समोर काय?"

"कार्बन."

"कोरी जाळी?"

"प्रत्येक वेळी केलीय. ती जागची हलत नाही."

 पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला.

"मुरतंय का?"

"नाही, सर. तीन आठवडे चालवली. पहिल्या दिवशी होतं तेच आजही आहे."

"बरं," सर म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या 'बरं'चा अर्थ मायाने पुष्कळ वेळा लावून पाहिला, तो धड लागला नाही. त्यानंतरच्या रविवारी तिने कपडे धुवायला टाकले नाहीत. मोबाईल जवळ घेऊन माडीवरच्या खिडकीत बसली. फोन आला नाही. ऊन खिडकीतून सरकल्यावर ती उठली, किल्ल्या घेतल्या आणि बरणीतलं पाणी बदलायला कॉलेजकडे चालू लागली.